मिलर हाय लाइफ, आठ महिन्यांनंतर : उन्हात राहिलेला खोका

आधीच सांगतो, मी बिअरमधला दर्दी वगैरे नाही, मी चिक्कू माणूस आहे. अमेरिकेत मिलवॉकीत राहायला आलो तेव्हा कळलं की क्राफ्टवाल्यांच्या (छोट्या कारखान्यांत खास चवीच्या बिअर करणाऱ्यांच्या) संत्र्याच्या सालीसारख्या लागणाऱ्या चार कॅनला जे पैसे पडतात त्यात हाय लाइफच्या बारा बाटल्या येतात, विषय तिथेच संपला. ४.६ टक्के, फिकट पिवळी, फेस भरपूर, सगळ्यांना माहितीये. लिहितोय ते फक्त बाटलीमुळे.

जुलैत चार दिवस शिकागोला गेलो आणि गॅलरीत आठ-दहा बाटल्या उघड्या खोक्यात तशाच राहिल्या. शेजारी पाहुण्यांनी आणलेली हिरव्या बाटलीतली इम्पोर्टेड, चांगली महागातली. दोन्हींनी चार दिवस ऊन खाल्लं. परत आल्यावर आधी हिरवी गार करून उघडली, तर इथे हायवेवर स्कंक (घाण वासाचा फवारा सोडणारा प्राणी) गाडीखाली आला की मैलभर येतो ना, तोच वास. जीव तुटला पण सिंकमध्ये ओतली. हाय लाइफ तर पांढऱ्या, म्हणजे पारदर्शक काचेत, म्हणजे हिचं तेरावंच घालायचं असं धरून उघडली तर काहीच नाही! बायकोला हुंगायला दिली, ती म्हणाली बिअरचाच वास येतोय, अजून काय पाहिजे.

मग रात्री एकपर्यंत वाचत बसलो. हा दोष गरमीचा नाही, उजेडाचा. बिअरमध्ये हॉप्स नावाची फुलं घालतात, त्यातले कडवटपणा देणारे जे घटक असतात ते उजेडात तुटतात आणि गंधकाशी जुळून जे तयार होतं ते स्कंकच्या फवाऱ्याच्या जवळचं. तपकिरी काच तो उजेड अडवते, हिरवी थोडासाच, पांढरी जवळजवळ नाहीच. मिलरवाले हॉप्सचा असा अर्क वापरतात ज्यातले ते घटक आधीच बदललेले असतात, त्यामुळे ते उजेडाला दाद देत नाहीत. म्हणजे बाटली नाही बदलली, हॉप्स बदलले! मी ऑफिसात तीन जणांना हे सांगितलं, आता ते जेवताना माझ्या टेबलावर बसत नाहीत.

सप्टेंबरमध्ये बाबा आले, निफाडहून. चष्मा लावून लेबल वाचलं, "शॅम्पेन ऑफ बिअर्स". म्हणे, आपल्याकडे नाशिकला एवढी द्राक्षं, फेसाळणारी वाईनसुद्धा करतात, तरी आपल्याला शॅम्पेन म्हणता येत नाही आणि हे मकेवाले बिनधास्त लिहितात? म्हटलं बाबा, युरोपात नाही चालत, तिथे फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या वाईनलाच ते नाव, २०२३ च्या एप्रिलमध्ये बेल्जियमने जर्मनीला चाललेले २,३५२ कॅन ह्याच शब्दापायी नष्ट केले. बाबा गप्प. दोन मिनिटांनी, "भरलेले? अरे मग नुसतं लेबल खरवडायचं ना."

आता जरा खाली येतो, कारण ऑगस्टपर्यंत मी हिला पाचपैकी पाच देत होतो. ३५५ मिलीच्या बाटलीतला शेवटचा पाव भाग गप्पांच्या नादात कोमट झाला की कणसं उकडलेलं पाणी लागतं. ह्या जातीच्या सगळ्याच स्वस्त लागर बिअरांचं हेच, गार आहे तोवर राणी. कॉर्न सिरप घालतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, ती साखर यीस्टच खातं, माझी तक्रार कोमटपणाची आहे. साडेतीन देतो.

ह्यावर उपाय म्हणजे पोनी, ७ औंसवाली छोटी बाटली. साधारण २०७ मिली, आपल्या क्वार्टरपेक्षा बोटभर जास्त. शेवटचा घोटसुद्धा गार! हिला साडेचार. पण मिलीमागे हिशोब केला तर पोनी महाग पडते आणि हे कळल्यापासून मी दुकानात दोन्ही खोके हातात धरून उभा राहतो, गेल्या वेळी काउंटरवरच्या पोराने विचारलं, काका मदत हवीये का. शेवटी मोठीच घेतली आणि भराभर प्यायलो.

बाबा जाताना पोनीच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन बॅगेत घालून घेऊन गेले. एकीत आता देव्हाऱ्यातलं तेल असतं. गळ्यावर चंद्रकोरीवर बसलेली बाई होती ती आईने खरवडून काढली.