फ्लोट म्हणून पाठवायचं की नुसते बिट म्हणून?

एमुलेटरच्या (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) जीडीबी-स्टबमधून, म्हणजे जीडीबी या डीबगरशी (बग शोधायच्या साधनाशी) बोलणाऱ्या भागातून, फ्लोटिंग-पॉइंट रजिस्टर (प्रोसेसरमधली दशांश संख्या ठेवायची जागा) कसं पाठवायचं, यावर फोंड्यातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, किंमत डबल (६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या) समजून वाचा आणि बफरमध्ये डबल म्हणूनच लिहा. कोड वाचणाऱ्याला लगेच अर्थ कळतो, हे खरं. दुसरा म्हणतो, ६४ बिटांचा साधा पूर्णांक उचला आणि इतर रजिस्टरांसाठी असलेल्याच फंक्शनने पाठवा.

मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि ठामपणे. डीबगरला बिट जसेच्या तसे हवेत. यजमान, म्हणजे एमुलेटर चालवणारा संगणक, ३२ बिटांचा एक्स८६ असेल आणि डबल एक्स८७मधून (त्याच्या फ्लोटिंग-पॉइंट भागातून) लोड झालं, तर सिग्नलिंग नॅन (‘ही संख्या नाही’ असं सांगणारी, वापरताच अपवाद उठवणारी किंमत) वाटेतच शांत नॅन (अपवाद न उठवणारी) होतं. ५१ क्रमांकाचा बिट शून्याचा एक होतो. पडद्यावर दिसतं ते रजिस्टरमध्ये नसतंच! बग शोधणाऱ्याची याहून मोठी फसवणूक कोणती? पूर्णांक हलवताना हा धोका नाही.

अर्थ हरवेल ही भीतीही खरी नाही. स्टब जीडीबीला रजिस्टरांचं जे एक्सएमएल वर्णन देतो, त्यात त्या रजिस्टरचा प्रकार आयईईई डबल दिला की दशांशात दाखवण्याचं काम जीडीबी स्वतः करतो.

बाइटांचा क्रम मात्र दोन्हीकडे लक्ष्य (नक्कल होणाऱ्या) प्रोसेसरचाच पाळावा लागतो. आणि एक्स८७ची ८० बिटांची रजिस्टरं एका पूर्णांकात मावत नाहीत: आधी ६४ बिटांचा मॅन्टिसा (संख्येचे अंक), मग चिन्ह-घातांकाचे १६, असे दोन तुकडे पाठवायचे.