पबमेडचा शोध: खरी ताकद टॅगमध्ये

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधन-लेखांच्या नोंदींचा ऑनलाइन साठा, फुकट आहे आणि शोधावर विलक्षण बारीक पकड देतं. सर्पदंशावर नुसता शब्द टाकलात तर नोंदींचा ढीग येतो. शब्दामागे चौकोनी कंसात ‘टीआयएबी’ (tiab) हा टॅग, म्हणजे कुठे शोधायचं हे सांगणारी खूण, लावा, म्हणजे तो शीर्षक, सारांश आणि लेखकांच्या कीवर्डमध्येच शोधला जातो. ‘एमएच’ (mh) लावलंत तर नोंदीला ग्रंथालयाने दिलेल्या ठरावीक विषयसंज्ञेनुसार, पोटविषयांसकट. पण अगदी ताज्या नोंदींना संज्ञा लागलेली नसली तर त्या निसटतात. म्हणून दोन्ही ‘ऑर’ने (OR, म्हणजे ‘किंवा’) जोडा, तेही कॅपिटल अक्षरांत. शोधाची आज्ञा डावीकडून उजवीकडे वाचली जाते, तेव्हा पुढे आणखी शब्द जोडायचे असतील तर ‘ऑर’चा गट साध्या कंसात हवाच, घोळ बहुतेकदा इथेच होतो. शब्दाची पुढची सगळी रूपं शोधायला शेवटी तारांकन (*) लावता येतं, पण त्याआधी किमान चार अक्षरं लागतात. ‘ॲडव्हान्स्ड’ पानावर ‘डिटेल्स’ उघडलं की तुमच्या शब्दांचा नेमका काय अर्थ लावला गेला तेही दिसतं. ही सोय फार मोलाची.