मोटारीच्या जुन्या तारेची झाडं : आठ महिने झाले, आता सांगतो

मी परभणीचा. घरी वरच्या पत्र्याच्या खोलीत मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, म्हणजे छोट्या मापात मांडलेले रूळ, गाड्या आणि आजूबाजूचा देखावा. स्केल एचओ, म्हणजे खऱ्याच्या १:८७, आणि त्यावर परळी लाइनसारखं एक छोटं स्टेशन. सुरुवातीला ऑनलाइन मिळतात ती प्लास्टिकची तयार झाडं लावली होती. दिसायला बरी, पण सगळी ७ सेंमीच्या आसपास, म्हणजे खऱ्या मापात जेमतेम ६ मीटर. आपला डबा ४ मीटर उंच असतो, लेआउटवर तो साडेचार सेंमी होतो, त्याच्या शेजारी असं झाड उभं केलं की कुंडीतलं वाटतं. १५ मीटरचा लिंब दाखवायचा तर १७ सेंमी पाहिजेच. आणि बाभूळ तर कुठल्याच पाकिटात नसते, मग मराठवाडा दिसणार कसा?

म्हणून नोव्हेंबरपासून तारेची झाडं करायला घेतली. आपल्याकडं विहिरीच्या मोटारी भरणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडं जळालेल्या वाइंडिंगची तांब्याची तार किलोवर मिळते. २४ गेजची घ्या, जाड तार वळत नाही आणि लई बारीक घेतली तर खोड लुळं पडतं. तारेवर इनॅमल असतं, त्याला पॉलिश पेपर मारल्याशिवाय रंग धरत नाही, माझी पहिली चार झाडं यातच गेली.

बाभळीला वीतभर लांबीचे ३० तुकडे घेतो. खालून पीळ देऊन खोड, वर जुड्या करत करत शेवटी दोन-दोन तारांच्या फांद्या. गावठी बाभळीला फांद्या छत्रीसारख्या पसरवायच्या, रामकाठी जातीच्या बाभळीला खराट्यासारख्या सरळ वर न्यायच्या. मग वॉल पुट्टीत फेविकॉल कालवून खोडाला दोन हात, आणि ओली असतानाच सुईनं उभ्या भेगा ओढायच्या, बाभळीची साल तशीच फाटलेली असते ना. वाळल्यावर काळ्यात थोडा तपकिरी रंग आणि वरून कोरड्या ब्रशनं राखाडी. एकदा पुट्टी वाळली की फांदी वाकवू नका, तडकते.

पाल्याला उशीतला पॉलिस्टर कापूस आरपार दिसेल इतका ताणून फांद्यांवर, त्यावर मिक्सरमध्ये पाण्यात बारीक करून रंगवलेला, वाळवलेला स्पंज. बाभळीचा पाला विरळ असतो, हात आवरता घ्या. लिंबाला मात्र भरपूर टाका.

आता टिकलं काय ते. हेअरस्प्रेनं चिकटवलेला पाला तीन महिन्यांत गळायला लागला, रोज सकाळी रुळांवर हिरवा चुरा. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब म्हणजे ते आतपर्यंत मुरतं, असं फवारलेली झाडं आजही ब्रशनं धूळ झटकली तरी तशीच आहेत. मे महिन्यात बाहेर ४३ डिग्री, पत्र्याखाली तर विचारूच नका, ग्लू गननं बेसला लावलेली पाच झाडं कलली. तेव्हापासून बुडाला तारेची दोन टोकं मोकळी सोडतो आणि थर्माकोलमध्ये खोचून फेविकॉल लावतो. खिडकीकडच्या झाडांचा स्पंज पिवळा पडला, बोट लावलं की भुगा होतो. ऊन स्पंजला खातंच. तिथं आता पडदा लावलाय.

एका झाडाला चार-पाच तास जातात हे खरं, पण मला यातच खरा आनंद आहे. आमचे वडील रेल्वेत कीमन होते, म्हणजे पायी फिरून रूळ तपासणारे, ही लाइन त्यांनी पायी तुडवलेली. फेब्रुवारीत वर आले, चष्मा लावून वाकले, गाडीकडं बघितलंच नाही. म्हणले, "ही रामकाठी हाय की रे! गेटापाशी काहून लावली? गेटापाशी चिंच व्हती."

सध्या चिंचेसाठी ६० तारांचं खोड पिळतोय.