बेकिंग मिक्समधला तिखटमिठाचा झुकिनी ब्रेड: मिक्स ठीक, पिशवीचं काय?

परवाचा लोफ फुगलाच नाही. वरून खरपूस दिसत होता, सुरी घातली तर आत बिघडलेल्या ढोकळ्याचा गिच्च गोळा. तीन अंडी, कपभर शार्प चेडर चीज, तेल, सगळं कचऱ्यात. म्हणून हे लिहायला बसले.

मी वापरते ते मिक्स दुकानाच्या स्वतःच्या नावाचं, अडीच पौंडांचा खोका. नावाजलेल्या ब्रँडपेक्षा स्वस्त आणि आत तेच: मैदा, स्निग्ध पदार्थ, बेकिंग पावडर, मीठ. उन्हाळा लागल्यापासून घेतेय, कारण न्यू जर्सीत ऑगस्टमध्ये झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या जातीची भाजी) विकत घ्यावी लागत नाही, ती दारात येऊन पडते. ८ ऑगस्टला शेजाऱ्यांच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा गमतीचा 'दिवस'सुद्धा आहे इथे. आमचे शेजारी तो महिनाभर पाळतात.

दोन कप मिक्स, पिळलेला दीड कप कीस, अंडी, चीज, पाव कप तेल, कांदा, हिरवी मिरची, लसूण, ओवा. ३५० फॅरनहाइटला पाऊण तास ते पन्नास मिनिटं. सुरुवातीला फार खारट व्हायचा आणि मी मिक्सला नावं ठेवायची. मग किसाला मीठ चोळणं बंद केलं. झुकिनीत ९५ टक्के पाणीच, नुसता पंचात घट्ट पिळला तरी पुरेसं निघतं. आता मिठाबद्दल काही म्हणणं नाही, मिरची-लसणाला तेवढं लागतंच. निघालेलं पाणी फेकायचं नाही. कोकणात तवसळीचा, म्हणजे काकडीच्या गोड केकचा, रवा काकडीच्या रसातच भिजवतात, तसे तीन-चार चमचे दुधाऐवजी इथे घालते. उरलेल्यात थालीपीठाची भाजणी भिजवायची.

तर पिशवी. खोक्याच्या आत पातळ प्लॅस्टिकची पिशवी, झिप नाही, चिकटपट्टी नाही, कापली की कापली. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत: 'कोरड्या, थंड जागी ठेवा.' कशात ठेवू? एका खोक्यात चार लोफ होतात, म्हणजे पिशवी आठवडेच्या आठवडे उघडी राहणार. इथली उन्हाळी दमट हवा आत शिरते, बेकिंग पावडर हळूहळू आधीच काम करून मोकळी होते आणि ओव्हनमध्ये फुगवायला काही उरत नाही. लोफ फसल्यावर उरलेलं चमचाभर मिक्स गरम पाण्यात टाकून पाहिलं. जेमतेम दोन बुडबुडे. नव्या खोक्यातलं टाकलं तर फसफसून आलं.

गंमत म्हणजे १९३१ साली बाजारात आलेल्या बिस्क्विक या नावाजलेल्या बेकिंग मिक्सची गोष्टच मुळी साठवणीची आहे. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या आचाऱ्याने पीठ, चरबी, बेकिंग पावडर आणि मीठ आधीच कालवून बर्फात ठेवलं होतं, ते जनरल मिल्स या अमेरिकन कंपनीच्या विक्रेत्याने पाहिलं. आगगाडीतल्या आचाऱ्याला कळत होतं ते या दुकानाच्या पॅकिंगवाल्यांना कळू नये?

ग्राहक सेवेला फोन केला. बाईंनी खोक्यावरचा नंबर आणि तारीख विचारली, "मुदत संपलेली नाही, मॅम" म्हणाल्या आणि एक डॉलरचं कूपन पाठवलं. त्याच मिक्सवर. म्हणजे पुन्हा तीच पिशवी.

घरी मिक्स करणं अवघड नाही: कपभर मैद्याला दीड टीस्पून बेकिंग पावडर, पाव टीस्पून मीठ, मोठा चमचाभर लोणी. पैसेही वाचतात. पण ऑफिसातून आल्यावर लोणी पिठात चोळत बसायला जीव होत नाही आणि खोका असला की नवराही लोफ लावतो, तेव्हा घेणं चालूच आहे. आणल्याबरोबर सगळं मिक्स घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतते आणि डबा फ्रीजमध्ये. ओला चमचा घालणाऱ्याची खैर नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पिशवीसाठी कापला, एक त्या कूपनसाठी.