एमएमए८४५२क्यूच्या जागी एडीएक्सएल३४५ घ्यावा की एलआयएस३डीएच?

दुचाकीच्या सीटखाली बसणारा आमचा चोरी-इशारा ट्रॅकर बॅटरीवर चालतो आणि त्यात बरीच वर्षे एमएमए८४५२क्यू हा ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल आणि धक्के मोजणारी चिप, होता. ती चिप बंद झाल्यावर काही काळ व्यापाऱ्यांकडच्या शिल्लक साठ्यावर भागवले. पण एका रिळातल्या चिपा सेल्फ-टेस्टमध्येच नापास होऊ लागल्या, तेव्हा तो मार्ग सोडून दिला. शेवटी एडीएक्सएल३४५ आणि एलआयएस३डीएच हे दोनच पर्याय उरले. दोन्ही मी बोर्डावर लावून वापरले आहेत.

बोर्ड बदलायचा नसेल तर एलआयएस३डीएच सोयीचा पडतो. त्याचा आकार जुन्या चिपेइतकाच, म्हणजे ३ बाय ३ मिलिमीटर, आहे आणि सप्लाय, ग्राउंड, एससीएल, एसडीए (आयटूसी या दोन तारांच्या संवादाच्या रेषा) व दोन्ही इंटरप्ट (प्रोसेसरला इशारा देणाऱ्या रेषा) यांच्या पिनाही त्याच जागी येतात. आठवी पिन तेवढी जपावी लागते: जुन्या चिपेत ती रिकामी असे, इथे ती सीएस, म्हणजे संवादाची पद्धत निवडणारी पिन, आहे आणि आयटूसीसाठी तिला सप्लायची वायर द्यावी लागते. एडीएक्सएल३४५ हा ३ बाय ५ मिलिमीटरचा आणि चौदा पिनांचा असल्याने त्याला बोर्डावर नवा फूटप्रिंट (सोल्डरिंगच्या जागांची मांडणी) लागतोच.

फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्राम) लिहिणाऱ्याला मात्र एडीएक्सएल३४५ अधिक आवडेल, असे मला वाटते. एलआयएस३डीएचमध्ये रजिस्टरच्या (चिपेतल्या छोट्या स्मृतिकप्प्याच्या) पत्त्याचा सर्वांत वरचा बिट १ केला नाही, तर सहा बाइट वाचताना एकच रजिस्टर सहा वेळा हाती येते. माझा अर्धा दिवस त्यात गेला. शिवाय ±१६ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण) रेंजमध्येही एडीएक्सएल३४५ सुमारे ४ मिलि-जीचा बारकावा टिकवतो, तिथे एलआयएस३डीएच १२ मिलि-जीवर येतो. अपघाताचे धक्के नोंदवायचे असतील तर एडीएक्सएल३४५ घ्यावा, पुढचे वाचले नाही तरी चालेल.

आमचे काम मात्र उभ्या गाडीला कोणी हात लावला की जागे होण्याचे आहे, आणि तिथे एडीएक्सएल३४५ची एक गोष्ट मला सतत खुपत राहिली. त्याचा ॲक्टिव्हिटी थ्रेशोल्ड, म्हणजे जागे होण्याची मर्यादा, ६२.५ मिलि-जीच्या टप्प्यांनीच बदलतो. रस्त्यालगत साइड-स्टँडवर गाडी लावून, गुरुत्वाकर्षण वजा करणारी सेटिंग ठेवून पाहिले: पहिल्या टप्प्यावर शेजारून ट्रक गेला तरी यंत्र जागे होई, दुसऱ्यावर गाडी सावकाश स्टँडवरून उतरवून ढकलत नेली, तरी ते झोपलेलेच. मधले काही नाही! जुन्या चिपेतही टप्पा जवळपास एवढाच जाड होता आणि रात्री उगाच येणाऱ्या इशाऱ्यांच्या तक्रारी आम्ही त्यामुळेच सोसत होतो. एलआयएस३डीएचमध्ये ±२ जी रेंजला टप्पा १६ मिलि-जीचा असल्याने सहाव्या टप्प्यावर, म्हणजे ९६ मिलि-जीवर, आमचे समाधान झाले. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे आणि दुसऱ्या गाडीवर आकडा वेगळा निघू शकेल, पण आकडा शोधायला जागा तरी मिळते.

एलआयएस३डीएच निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या बोर्डावर बॅटरीच्या वाटेत मीटर लावला, तर झोपेतला करंट दहा-बाराऐवजी शंभर मायक्रोअँपिअरच्या वर दिसला. सोल्डरिंग दोनदा पुन्हा केले, फ्लक्स धुतला, काही फरक नाही. आयटूसी पत्ता ठरवणाऱ्या एसए० पिनेला आत पुल-अप (पिनेला सप्लायकडे ओढणारा रोध) असतो आणि आमच्या जुन्या बोर्डावर ती ग्राउंडला जोडलेली होती. गळती तिथून चालू होती. सप्लाय आल्याबरोबर कंट्रोल रजिस्टर शून्यातला सर्वांत वरचा बिट १ करून, बाकीचे बिट जसेच्या तसे ठेवले की हा पुल-अप सुटतो. नव्या पीसीबीवर आम्ही एसए० सरळ सप्लायला जोडून पत्ता बदलून घेतला आहे.