मासळीच्या पिकअपची चासी: दहा महिने आणि एक पावसाळा काढल्यानंतर

माझी दीड टनी पिकअप रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेते. हंगामात आठवड्याला चार-पाच फेऱ्या होतात. गाडी २०१६ ची. इंजिन अजून ठणठणीत आहे, पण आमच्याकडे मासळीची गाडी भंगारात जाते ती चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजल्यापायी. वडिलांच्या आधीच्या गाडीचं मागचं क्रॉस मेंबर (चासीच्या दोन बाजू जोडणारी आडवी पट्टी) भर रस्त्यात तुटलं होतं, वरून बघणाऱ्याला गाडी नव्यासारखी दिसत असताना.

त्या धास्तीने तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी खालून काळं रबर कोटिंग मारून घेतलं. काम एका दुपारीत उरकलं, गाडी खालून चकाचक दिसायला लागली आणि मी निर्धास्त झालो. २०२४ च्या मे महिन्यात आरटीओच्या फिटनेस तपासणीला गेलो (आठ वर्षं झाली की दरवर्षी जावं लागतं), तर चासी नंबरच सापडेना. उजव्या पुढच्या चाकाच्या आत, चासीच्या पट्टीवर ठोकलेला नंबर, त्यावरही कोटिंग फासलेलं. थिनर आणि बोळा घेऊन तिथेच घासायला बसलो. थिनर लागायच्या आधीच नखाने वितभर थर सालीसारखा निघाला. खाली ओला, भगवा गंज. थराच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते, आणि अजून पाऊस सुरूही झाला नव्हता.

ते बघितल्यावर ठरवलं की हे काम आपल्या हाताने करायचं. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्यामुळे मेच्या शेवटी होड्या वर ओढायला लागल्या की गाडीला उसंत मिळते. कडक ऊनही तेव्हाच असतं. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनमध्ये चासी वाळायची वाट बघण्यात अर्थ नसतो.

पहिला दिवस नुसता चिखल काढण्यात गेला. पिकअपला मागे कारसारखी बंद कमान नसते, हौद्याचा, म्हणजे माल भरायच्या भागाचा, तळ हाच टायरच्या डोक्यावरचा पत्रा. त्याला आडव्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीच्या कडेवर चिखल बसतो. पुढे फेंडरच्या आत, प्लास्टिकच्या लायनरमागे, दरवाजाच्या खांबाशी एक खोबण असते. लायनरच्या क्लिपा काढून तिथे हात घातला तर जांभ्याच्या लाल मातीचा गोळा हातात आला. गोळा मोडला, आतून दमट होता, आणि त्यात माशांचे खवले चमकत होते. खारी माती तिथे बाराही महिने पत्र्याला चिकटून राहते. दोन्ही बाजूंची मिळून घमेलंभर निघाली. कोटिंग कुठलं घ्यावं असं मला विचारतात, त्यांना मी आधी लायनर उघडायला सांगतो.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासी पुढून मागे ठोकत गेलो. हे आमच्या मेस्त्रीकाकांनी शिकवलं. धड लोखंड ‘टण्ण’ वाजतं, पापुद्रे धरलेलं लोखंड भद्द वाजतं. भद्द वाजणाऱ्या दोन जागा मिळाल्या, दोन्ही मागच्या चाकांच्या वर, जिथे हौद्याची लाकडी पट्टी चासीवर टेकते. लाकूड खारं पाणी पिऊन बसतं, त्यामुळे खालचं लोखंड कायम ओलं. सुदैवाने गंज वरवरचा होता. पोखरलेली जागा असती तर कोटिंगचा विचार सोडून आधी वेल्डिंगवाल्याकडे गेलो असतो. हौदा चासीला आवळणारे यू-बोल्ट ढिले करून हौदा थोडा उचलला आणि लाकडाच्या जागी रबराची पट्टी घातली.

जुना थर पुटीच्या पात्याने खरवडला, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज काढला. चष्मा आणि मास्क लागतातच, कारण तुटलेली तार गोळीसारखी उडते. खड्ड्यांत उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावलं, तो निळसर काळा पडला. त्यानंतर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, ब्रशने, दोन हात. पुढच्या चाकांमागे, जिथे खडी आदळते, तिथे प्रायमरवर दाणेदार रबर कोटिंग. बाकी सगळीकडे मेणाचा फवारा. चासीच्या बंद पेटीत आणि क्रॉस मेंबरच्या पोटात लांब नळी घालून पोकळीत मारायचं पातळ मेण सोडलं, ते भोकांतून ठिबकेपर्यंत. पाणी निघायची भोकं आधी तारेने मोकळी केली होती, नंतर पुन्हा केली. ती बुजली तर पेटीचा हौद होतो. सायलेन्सर, ब्रेक, प्रोपेलर शाफ्ट आणि शॉकअपचे दांडे कागद-टेपने झाकले. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मध्ये काही मारलं नाही. चासी नंबरवर फक्त ग्रीसचं बोट फिरवलं.

सामानाला साधारण ६,५०० रुपये आणि माझे चार दिवस लागले.

आता दहा महिन्यांनी, मार्च २०२५ मध्ये, गाडी रॅम्पवर घेऊन सगळं तपासलं.

सगळ्यात समाधान पेटीच्या आतल्या भागाने दिलं. भोकात बोट घातलं तर तपकिरी, चिकट मेण आलं, लाल भुकटी नाही. हौद्याखाली ज्या दोन जागा भद्द वाजत होत्या तिथे प्रायमर अखंड आहे. मेणाचा मोठा गुण असा की ते काही लपवत नाही. पातळ थरातून लोखंड दिसतं. गंजाचा ठिपका उठला की कळतो, तेवढंच पुसून पुन्हा मारता येतं. काळ्या जाड थराखाली काय चाललंय हे थर सुटेपर्यंत समजत नाही, आणि मी दोन वर्षं त्याच भरवशावर गाडी हाकली.

खोट मेणातही आहे. मागच्या टायरच्या थेट तोंडावरचं मेण ऑगस्ट संपेपर्यंत धुऊन गेलं होतं. उन्हाळ्यात धूळ चिकटते. पहिला आठवडा घाट चढताना सायलेन्सरजवळून वितळल्याचा वास येत होता, पुढे गेला. पुढच्या डाव्या चाकामागचं दाणेदार कोटिंग रुपयाएवढं उडालंय; खालचा प्रायमर शाबूत असल्यामुळे गंज धरला नाही. उजवीकडे मात्र कडेला थर उचललाय, आणि तो माझ्याच हाताने: प्रेशर वॉशरचं नोझल फार जवळ धरलं होतं. आता हात-दीड हात अंतर ठेवतो.

काळं ऑइल (इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल) आणि डिझेल मिसळून खालून फवारायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे, पावसाच्या तोंडावर वॉशिंग सेंटरवर रांग लागते. मी सोडली. त्याने रबराचे बुश फुगतात, ब्रेकवर गेलं तर जिवाशी गाठ, आणि पहिल्या पावसात ते ऑइल वाहून शेतात नि विहिरीत जातं.

कोटिंगइतकाच फरक पडला तो पाणी अडवल्याने. हौद्याच्या तळाच्या फटी सिलंटने बुजवल्या, मागच्या कोपऱ्यात एक भोक ठेवलं आणि तिथून नळी काढून खाली बांधलेल्या कॅनमध्ये सोडली. पूर्वी बर्फाचं खारं पाणी मागच्या क्रॉस मेंबरवरून ओघळत रस्त्यावर सांडायचं. घाटाच्या वळणावर त्या पाण्यावरून दुचाक्या घसरतात, लोक आमच्या नावाने बोटं मोडतात आणि त्यांचं चुकत नाही. कॅन उतरवायच्या ठिकाणी रिकामा करतो. फेरीवरून आल्यावर चासी गोड्या पाण्याने धुतो. आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, त्याने धुणं म्हणजे मिठानेच मीठ धुणं, म्हणून नळाचं पाणी पिंपात भरून ठेवतो.

आवराआवरही त्याच वेळी केली. मागच्या दिव्यांच्या तारा कोणीतरी ब्रेक पाइपला सुतळीने बांधल्या होत्या. सुतळी खारं पाणी धरून राहिली आणि तेवढ्याच जागी पाइपवर गंजाचं कडं पडलं. पाइपचा तो तुकडा मेस्त्रीकाकांकडून बदलून घेतला, तारा लांबीत चिरलेल्या फ्लेक्सिबल पाइपात घालून चीर खाली ठेवली आणि रबर लावलेल्या क्लॅम्पने चासीच्या आतल्या बाजूला वेगळ्या बसवल्या. तेव्हापासून मागचा दिवा एकदाही गेलेला नाही, आधी महिन्याआड जायचा.

या मेमध्ये पुढच्या दोन चाकांमागचा भाग खरवडून नव्याने करणार आहे, लायनर काढून माती किती साठली ते बघणार आहे, आणि मागे टायरसमोर मेणाऐवजी जाड रबराचा फ्लॅप लावून पाहणार आहे. बाकी चासीवर मेणाचा एक हात पुरेल.