चिंटूचा संग्रह: मुलांसाठी घ्या, स्वतःही वाचा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून लेकीसाठी 'चिंटू' या चित्रपट्ट्यांचा (कॉमिक स्ट्रिप) संग्रह आणला आणि मीच त्यात अडकले. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मधून हा मुलगा घराघरांत पोचवला. मोजक्या रेषा, मागे फारसं काही नाही, तरी आईचा वैताग नुसत्या भुवईत दिसतो! पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही मंडळी आमच्याच वाड्यातली वाटतात. २०१२ चा सिनेमाही मी आवडीने पाहिला, पण शेवटच्या चौकटीतला चिंटूचा तो गप्प चेहरा कागदावरच खुलतो. सलग मात्र वाचू नका, चव जाते. सकाळच्या चहाबरोबर दोन-तीन पट्ट्या पुरेत. सात-आठ वर्षांच्या मुलांना मराठी वाचायची गोडी लावायला मी डोळे झाकून हेच पुस्तक सुचवेन.